तक्सीम

दहावीच्या वर्गात पेशीविभाजनाचा धडा मी दरवर्षी शिकवतो. आमची शाळा उर्दू माध्यमाची. मराठीत ज्याला पेशी म्हणतात त्याला आम्ही खलिया म्हणतो आणि पेशीविभाजनाला खलवी तक्सीम. फळ्यावर हे दोन शब्द लिहिले की पुढचं काम सोपं असतं. आकृत्या ठरलेल्या, अवस्था ठरलेल्या आणि बोर्डाच्या परीक्षेत येणारा प्रश्नही बहुतेक ठरलेला. इतकी वर्षं शिकवून झाल्यावर हा धडा मला पुस्तक न उघडता येतो. जे पुस्तक न उघडता येतं त्यावर आपण विचार करायचं सोडून देतो, हे मात्र मला उशिरा कळलं.

2023 च्या पावसाळ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी ती फारशी बोलत नाही. म्हणाली, "सर, तक्सीम में तो हर एक का हिस्सा कम होता ना? फिर तक्सीम से बदन बढता कैसा?"

वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही. उर्दूत तक्सीम हा एकच शब्द किती ठिकाणी राबतो, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं. मराठीत भागाकार वेगळा, वाटणी वेगळी, फाळणी वेगळी आणि विभाजन वेगळं. उर्दूत गणिताच्या तासाला तक्सीम, घरातल्या भांड्याकुंड्यांची तक्सीम, शेताची तक्सीम आणि 1947 ची तीही तक्सीमच. यातल्या एकाही तक्सीमने काही वाढलेलं त्या मुलीने ऐकलेलं नव्हतं. बाराला तीनने भागलं तर चार उरतात. घर वाटलं तर अंगण जातं. देश वाटला गेला तेव्हा काय काय गेलं, हे आपल्या आधीच्या पिढ्यांनी सांगितलेलं आहे. आणि विज्ञानाचा मास्तर मात्र सांगतो आहे, की तक्सीम होते म्हणून तू आईच्या पोटातल्या एका पेशीपासून एवढी मोठी झालीस!

उत्तर मला माहीत होतं. ते मी दिलं. पेशी वाटणी करण्याआधी एक काम करते, जे आपण करू शकत नाही. ती आपल्याजवळ जे आहे त्याची अख्खी नक्कल करते. माणसाच्या एका पेशीत 46 गुणसूत्रं असतात. त्यांत गुंडाळलेला डीएनए सरळ केला तर तो साधारण दोन मीटर भरेल आणि त्यावरच्या अक्षरांच्या जोड्या सहाशे कोटींच्या घरात जातात. विभाजनापूर्वी सात-आठ तास खपून पेशी हा सगळा ग्रंथ पुन्हा लिहून काढते, लिहिताना झालेल्या चुका दुरुस्त करते आणि मगच वाटणीला बसते. म्हणून दोन्ही पेशींना अर्धं अर्धं मिळत नाही. दोघींनाही पुरं मिळतं. "दोघींना" असं मी मुद्दाम म्हटलं, कारण नव्या पेशींना उर्दूत दुख्तर खलिये म्हणतात, म्हणजे कन्यापेशी. मुली खूश झाल्या. मुलगे पेशी का नसतात, असं एका मुलाने विचारलं तेव्हा तर वर्ग डोक्यावर घेतला गेला.

पेशीतून पेशी जन्मते, आपोआप नव्हे, हे सूत्र जर्मनीतल्या रुडॉल्फ व्हिर्शो यांनी 1850 च्या दशकात ठामपणे मांडलं. हा जन्म डोळ्यांनी पाहिला तो वॉल्थर फ्लेमिंग यांनी. सॅलॅमँडर नावाच्या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याच्या पिलांच्या पेशी रंगवून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, आत धाग्यांसारखं काही जुळताना आणि दुभंगताना दिसलं, त्याची चित्रं काढली आणि 1882 साली ग्रंथ लिहिला. आज दहावीचं पोर वहीत ज्या चार अवस्था काढतं, त्यांचं मूळ त्या चित्रांत आहे. आणि हा काही क्वचित घडणारा प्रकार नाही. आपल्या अस्थिमज्जेतून दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास तांबड्या पेशी तयार होऊन रक्तात येतात, कारण जुन्या सुमारे 120 दिवस चालून संपतात. आतड्याचं अस्तर तर चार-पाच दिवसांत नवं होतं. हे वाक्य वाचून होईपर्यंत तुमच्या शरीरात कोट्यवधी तक्सीमी झालेल्या असतील आणि एकीचाही आवाज घराबाहेर गेलेला नसेल.

खरा धडा यापुढे आहे. तो पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकला जातो. मीही वर्षानुवर्षं तसाच उरकत आलो होतो.

नक्कल झाल्यावर प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती एकमेकींना चिकटून असतात. शास्त्रज्ञ त्यांना एकमेकींच्या बहिणीच म्हणतात. मध्यावस्थेत या जोड्या पेशीच्या मधोमध ओळीने उभ्या राहतात. दोन टोकांकडून बारीक धागे येतात, त्यांना तुर्कतंतू म्हणतात. प्रत्येक जोडीतल्या एकीला या टोकाचा धागा धरतो, दुसरीला त्या टोकाचा. मग धागे ओढतात, बहिणी सुटतात आणि दोन घरांना जातात. आकृतीत हे सगळं एकाच वेळी झाल्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात तसं होत नाही. धागे अंधारात चाचपडत असतात. कुणाला लवकर सापडतो, कुणाला उशिरा. 45 जोड्यांना धागे लागलेले असतात आणि एखादी जोडी कोपऱ्यात राहून गेलेली असते, जिच्यापर्यंत अजून कुणी पोहोचलेलं नसतं. अशा वेळी पेशी काय करते? ती थांबते. 45 तयार आहेत म्हणून पुढे जात नाही. त्या एकीसाठी अख्खी वाटणी खोळंबून राहते.

पेशीला कसं कळतं की कुणी राहिलं आहे? ज्या गुणसूत्राला धागा लागलेला नाही, ते गुणसूत्रच 'थांबा' असा रासायनिक इशारा देत राहतं. हा इशारा देणारी जनुकं 1991 साली यीस्टमध्ये प्रथम सापडली. माणसाच्या पेशीतही तीच यंत्रणा आहे. 1995 मध्ये अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात कॉनली रीडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. पोटोरू नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या एका लहान प्राण्याच्या पेशी त्यांनी घेतल्या. विभाजन एका राहिलेल्या गुणसूत्रासाठी थांबलेलं असताना त्यांनी लेझर किरणाने त्या गुणसूत्रावरची फक्त तेवढीच जागा जाळली, जिथे धागा लागायचा होता आणि जिथून इशारा निघत होता. इशारा बंद झाला. थोड्याच वेळात पेशीने वाटणी पुरी करून टाकली. त्या गुणसूत्राला दुसऱ्या टोकाचा धागा लागलेलाच नव्हता. पण आता ते 'थांबा' म्हणत नव्हतं.

त्या मुलीच्या प्रश्नामुळे तयारी करून गेलो होतो, म्हणून दुसऱ्या दिवशी हा प्रयोग मी वर्गात सांगत होतो. सांगता सांगता मधेच थांबलो. मुलांना वाटलं, सरांना पुढचं आठवत नाही. मला उलट फार स्पष्ट आठवत होतं.

2014 साल. अब्बा जाऊन वर्ष झालं होतं, अम्मी त्याआधीच गेली होती. आम्ही तिघं. भाईजान, आपा आणि सर्वांत धाकटा मी. शेती शंभर गुंठे, म्हणजे अडीच एकर. हिशेब सरळ होता. आपल्याकडे मुलाला दोन तर मुलीला एक. पाच भाग करायचे. भावांना चाळीस-चाळीस गुंठे, आपाला वीस. मुलीला मुलाइतकंच मिळावं की निम्मं, यावर आपण परिसंवादांतून पुष्कळ वाद घालतो आणि तो वाद घालायलाच हवा. पण आमच्या घरात प्रश्न निम्म्याचाही नव्हता. प्रश्न होता की सातबारावर दोन नावं लागणार आहेत, त्यात तिसरं येऊ नये. भाईजानला बोअर मारायची होती. मला घरासाठी कर्ज काढायचं होतं. गावात सगळे करतात तेच आम्ही केलं. हक्कसोडपत्र तयार केलं आणि आपाला तालुक्याला बोलावून घेतलं.

ती सकाळच्या एसटीने आली. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयाबाहेर लिंबाखाली उभी होती. कागद समोर आले तेव्हा तिने पर्स चाचपली आणि म्हणाली, "चश्मा घर पे रह गया. क्या लिखेला है इसमें?" मी म्हणालो, "कुछ नहीं आपा, बस नाम डालने का है." तिने सही केली. अंगठा दिला, फोटो काढला. कागदावर छापलेलं होतं की लिहून देणार हे स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देत आहेत. मग आम्ही तिला वडापाव आणि चहा दिला आणि दुपारच्या गाडीत बसवून दिलं. गाडी सुटताना तिने खिडकीतून माझ्या हातात शंभराची नोट कोंबली, मुलांना खाऊ घे म्हणाली.

माझ्या वाट्याला पन्नास गुंठे आले. त्यांतले दहा आपाचे.

हे सगळं इतकं नेहमीचं आहे की यात गुन्हा कुठे झाला, असं कुणी विचारलं तर दाखवता येत नाही. मुसलमान घरांतच असं होतं असंही नाही. हिंदू बहिणींना 2005 च्या कायद्याने वडिलोपार्जित मालमत्तेत भावाबरोबरीचा हक्क दिला, तरी त्याच लिंबाखाली त्या दिवशी आणखी दोन बहिणी उभ्या होत्या आणि त्यांचे भाऊही चहा आणायला गेले होते. बहीण सही करते. का करते, हे सर्वांना ठाऊक असतं. आईबाप गेल्यावर भावाचं घर हेच माहेर. वीस गुंठ्यांचा आग्रह धरला तर ते दार बंद होईल, ही भीती तिला कुणी घालावी लागत नाही. तिच्या 'नको'मध्ये ही भीती असते आणि आपण त्या 'नको'ला स्वखुशी म्हणतो. विचारल्यावर मिळालेली संमती आणि आवाज बंद झाल्यामुळे आलेली शांतता, या दोन्ही कागदावर सारख्याच दिसतात. सहीच्या शाईवरून फरक कळत नाही.

धागा न लागताच वाटणी पुरी झाली होती. इशारा देणारी जागा आम्ही जाळली होती. लेझरची गरज पडली नाही, एक वाक्य पुरलं.

इथे वाचक मला अडवतील आणि अडवावंच. पेशीला काय नीती असते? ती थांबते ती दयेने नव्हे. तिच्यात तसं रसायन आहे म्हणून थांबते. निसर्गात काय आहे यावरून माणसाने काय करावं हे ठरवायला लागलो, तर कुठे जाऊन पोहोचू सांगता येत नाही. ही शंका मलाही होती आणि तिचं उत्तर पुन्हा त्याच मुलीने दिलं. अर्धगुणसूत्री विभाजन शिकवत होतो. त्यात 46 ची 23 होतात, आईकडून 23 आणि बापाकडून 23, दोघांचा वाटा सारखा, असं मी जरा जोर देऊन सांगितलं. ती म्हणाली, "सर, मेरी खाला की लडकी की बारावी की किताब में अलग है. अंडा बनता तब सब माल एक कोई मिलता. बाकी के छोटे छोटे होके मर जाते."

बरोबर होतं. स्त्रीबीज तयार होताना गुणसूत्रं समान वाटली जातात, पण पेशीतला बाकीचा सगळा साठा, अन्न आणि यंत्रणा, जवळजवळ पूर्ण एकीकडेच ठेवला जातो. दुसरीकडे जातो तो एक बारीक पुंजका, त्याला पुढे काही भविष्य नसतं, तो विरून जातो. कारणही रास्त आहे. पुढे गर्भ वाढवायचा तर पहिल्या दिवसांची शिदोरी एकाच पेशीत असावी लागते. दोघींत वाटली तर एकीलाही पुरणार नाही.

मी घरी जाताना विचार करत होतो की हा युक्तिवाद मी कुठे ऐकला आहे. मग आठवलं. भाईजानने हेच म्हटलं होतं. "तुकडे करके क्या फायदा? किसीका पेट नहीं भरेगा. एक जगा रहेगी तो घर चलेगा." म्हणजे निसर्गाकडे साक्ष मागायला गेलं तर तो माझ्या बाजूनेही बोलतो आणि भाईजानच्या बाजूनेही. पेशी एका ठिकाणी शेवटच्या एकीसाठी थांबते आणि दुसऱ्या ठिकाणी तीनचतुर्थांश वारसांना उपाशी ठेवते. हे दोन्ही खरं आहे. कुठलं आपल्या घराला लागू करायचं हे पेशी सांगत नाही. पण त्या विरून जाणाऱ्या पुंजक्याला मुलं नसतात. त्याला शिलाईमशीनवर रात्री बारापर्यंत बसावं लागत नाही. भावाच्या घरी ईदला जाताना काय न्यायचं, याचा विचार तो करत नाही. आपाला हे सगळं होतं. भाईजानच्या युक्तिवादात चूक एवढीच होती की त्यात बहिणीचं पोट मोजलेलं नव्हतं.

मोजण्याचीही एक गंमत आहे. माणसाच्या पेशीत गुणसूत्रं किती, याचं उत्तर 1920 च्या दशकापासून 48 असं दिलं जाई. मोठमोठे शास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकातून पाहत आणि 48 च मोजत, कारण पुस्तकात 48 लिहिलं होतं. स्वीडनमध्ये ज्यो हिन त्जिओ आणि आल्बर्ट लेवान यांनी नीट पसरवून मोजली तेव्हा ती 46 भरली आणि 1956 साली त्यांनी ते जाहीर केलं. तीस वर्षांहून अधिक काळ डोळ्यांसमोर असलेलं कुणाला दिसत नव्हतं. आमच्या गावात आजही कुणाला विचारलं की अमक्याला मुलं किती, तर म्हणतील दोन. मग जरा थांबून म्हणतील, आणि एक मुलगी आहे.

आता त्या मुलीच्या पहिल्या प्रश्नाकडे परत जातो, कारण मला वाटतं तिने बोट नेमकं ठेवलं होतं आणि मी उत्तर देऊन तिला फार लवकर खाली बसवलं. तक्सीममध्ये हिस्सा कमी होत नाही का? पेशीत होत नाही. तिथे आधी नक्कल होते. काही गोष्टी आपल्याकडेही तशाच आहेत. मी जे शिकवतो ते साठ मुलांना दिल्यावर माझ्याजवळचं साठ पटीने घटत नाही. आपाने मला पाटीवर अलिफ बे गिरवायला शिकवलं, तेव्हा तिच्याजवळची अक्षरं कमी झाली नाहीत. प्रेमाचं, इज्जतीचं, दुवेचं वाटप असंच होतं. त्यामुळे आपण त्या बाबतीत सढळ असतो. बहिणीला प्रेम द्यायला आम्ही कधीच कमी केलं नाही; दर भाऊ हेच सांगेल आणि खरं सांगेल.

जमिनीची नक्कल होत नाही. शंभर गुंठ्यांचे रात्रीतून दोनशे होऊन सकाळी दोघांना शंभर-शंभर मिळत नाहीत. बहिणीला वीस द्यायचे तर भावाचे दहा जातातच. पेशीला न्याय परवडतो, कारण तिला त्याची किंमत मोजावी लागत नाही. माणसाची परीक्षा नेमकी तिथे असते, जिथे दिल्याने आपलं कमी होणार असतं. जे वाटून कमी होत नाही ते भरभरून देणं आणि जे कमी होतं ते हक्कसोडपत्रावर घेणं, याला आपण मिळून 'बहिणीवर जीव आहे' असं म्हणतो. पेशीकडून मला नीती शिकायची नाही. तिच्याकडे पाहून मला एवढंच कळलं, की माझी गोष्ट तिच्यापेक्षा कुठे वेगळी आहे.

2024 च्या रमजान ईदला मी आपाकडे गेलो. शीरखुर्मा झाला, दूल्हाभाई बाहेर पाहुण्यांत बसले होते. ती मशीनपाशी बसून कुणाच्यातरी कुर्त्याची बटनपट्टी उसवत होती, ईदच्या दिवशीसुद्धा. मी चश्म्याचा विषय काढला. म्हटलं, "आपा, उस दिन तू पूछी थी क्या लिखेला है, मैं बताया नहीं."

तिने मान वर केली नाही. म्हणाली, "मेरेकू मालूम था क्या लिखेला है, मुन्ना. सारा गाव करता है, मेरेकू नहीं मालूम होयेंगा? मेरेकू तेरे मूँ से सुनना था."

बराच वेळ दोघंही गप्प होतो. मग मी म्हणालो, की माझ्याकडे तुझे दहा गुंठे आहेत, ते मी परत करतो. हे सांगताना मला एक कबूल करायला हवं. मनात कुठेतरी मी धरून चाललो होतो की ती म्हणेल, राहू दे, मला काय करायचं आहे जमीन घेऊन. ती नको म्हणेल, मी एकदा आग्रह करीन, ती पुन्हा नको म्हणेल, आणि मी हलका होऊन घरी जाईन. बहिणी असंच म्हणतात, असं मला वाटत होतं.

आपाने सुई पट्टीत टोचून ठेवली, चश्मा काढून ओढणीने पुसला आणि म्हणाली, "दे रहा तो लूँगी. ना नहीं बोलूँगी."

दहा वर्षांपूर्वीच्या त्या सहीचा अर्थ मला तेव्हा कळला. तिला नको नव्हतंच. तिला कुणी विचारलं नव्हतं.

त्यानंतरचं काम सोपं नाही. बक्षीसपत्राचा मसुदा वकिलांकडे दिला आहे. दहा गुंठ्यांचा वेगळा तुकडा पाडण्यात नियमांची अडचण येते, म्हणून माझ्या नावाबरोबर तिचं नाव सामाईक लागेल असं ते पाहत आहेत. घरी माझ्या पत्नीने पहिल्यांदा विचारलं, आपल्या मुलांचं काय? तो प्रश्नही चुकीचा नाही. आपल्याला एक मुलगा आणि एक मुलगी आहे, एवढंच मी तिला म्हणालो. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी तिने तिच्या भावाला फोन लावला आणि माहेरच्या घराचे कागद कुणाच्या नावावर आहेत ते विचारलं.

भाईजान मात्र रागावले आहेत. मी त्यांना गावात खाली पाहायला लावलं, असं ते म्हणतात. बकरी ईदला त्यांच्या घरून वाटा आला, पण ते स्वतः आले नाहीत. त्यांच्याकडचे दहा गुंठे मी देऊ शकत नाही, ते त्यांनाच द्यायचे आहेत. गुणसूत्राला धागा दोन्ही बाजूंनी लागावा लागतो. एकाच बाजूने ओढून चालत नाही. आमच्या घरात अजून एकच बाजू लागली आहे. मी त्यांच्याशी भांडणार नाही आणि विषय सोडूनही देणार नाही. दर ईदला जाईन आणि एकदा विचारीन.

यंदाही दहावीला तो धडा आला. फळ्यावर खलवी तक्सीम लिहिलं आणि या वेळी आकृती काढण्याआधी मीच वर्गाला विचारलं, "तक्सीम से क्या होता है? कम होता है या बढता है?" निम्मे हात एकीकडे वर झाले, निम्मे दुसरीकडे. मी म्हणालो, आज घरी जाऊन विचारा की तुमच्या घरातली शेवटची तक्सीम कधी झाली आणि तेव्हा कोण कोण हजर होतं. प्रश्न अभ्यासक्रमात नाही, त्याला गुणही नाहीत.

दुसऱ्या दिवशी सतरा मुलांनी उत्तर लिहून आणलं. त्या वह्या मी अजून परत केलेल्या नाहीत.